तांब्याचा एक अणू वाकतो का? शालेय द्रव्यविज्ञान आणि परस्परसंवादी सॉफ्टवेअर

तांब्याची तार वाकते, ठोकली तर पसरते, तिच्यातून वीज वाहते आणि तिचा रंग तांबूस असतो. मग त्याच तारेतला एकच अणू वेगळा काढला, तर तोही वाकेल का? तोही तांबूस दिसेल का? इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या रूथ बेन-झ्वी, बॅट-शेवा ऐलॉन आणि जुडिथ सिल्बरस्टाईन या संशोधकांनी साधारण दहावीच्या वयाच्या विद्यार्थ्यांना या धर्तीचे प्रश्न विचारले. त्यांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. तारेचे गुणधर्म एकेकट्या अणूतही असतात, असे जवळपास निम्म्या विद्यार्थ्यांना वाटत असल्याचे त्यातून दिसून आले. या मुलांना अणूची व्याख्या पाठ होती. अणू म्हणजे तांब्याचा अतिशय बारीक तुकडा, एवढाच अर्थ त्यांनी तिच्यातून घेतला होता.

वाकणे, ताणले जाणे, तुटणे हे एका अणूचे गुण नव्हेत. असंख्य अणू एकमेकांशी कसे बांधले गेले आहेत आणि जोर दिल्यावर ते एकमेकांवरून कसे सरकतात, त्यावर हे गुण ठरतात. मटेरियल्स सायन्स, म्हणजेच वस्तू ज्यांपासून घडतात त्या द्रव्यांचे शास्त्र, याच पायावर उभे आहे. फळा आणि खडू यांच्या साहाय्याने नेमका हाच पाया शिकवणे सर्वांत अवघड जाते. ही उणीव भरून काढण्यासाठी गेल्या पाव शतकात जगभरात परस्परसंवादी सॉफ्टवेअर तयार झाले. त्यातील बरेच विनामूल्य असून काही मराठीतही उपलब्ध आहे. मात्र हे सॉफ्टवेअर नेमके काय दाखवते, काय दाखवू शकत नाही आणि वर्गात ते कोणत्या टप्प्यावर वापरावे, हे समजून घेतले नाही, तर एक गैरसमज जाऊन त्याच्या जागी दुसरा येण्याचा धोका असतो.

विखुरलेला विषय

शाळेच्या वेळापत्रकात द्रव्यविज्ञान नावाचा तास नसतो. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमातही हा विषय निरनिराळ्या पाठांत विखुरलेला आहे. आठवीच्या पुस्तकात 'अणूचे अंतरंग', 'द्रव्याचे संघटन' आणि 'धातू-अधातू' हे पाठ येतात, तर दहावीत 'उष्णता' आणि 'धातुविज्ञान'. वर्धनीयता म्हणजे ठोकून पत्रा होण्याचा गुण आणि तन्यता म्हणजे तार काढता येण्याचा गुण, या व्याख्या विद्यार्थी लिहितात. पण सोन्याचा वर्ख होतो आणि मिठाच्या खड्याचा मात्र चुरा होतो, असे का, याचे कारण त्यांना क्वचितच सांगता येते.

द्रव्यविज्ञानात चार बाबींचा एकत्रित विचार होतो. द्रव्याची अंतर्गत रचना, त्यावर झालेली प्रक्रिया, त्यातून येणारे गुणधर्म आणि प्रत्यक्ष वापरातील कामगिरी. यांतील एक बदलली की बाकीच्यांवर परिणाम होतो. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या या शास्त्राचा व्यवहारात उपयोग करीत आले आहेत. तांब्याचे भांडे ठोकून घडवताना, त्यावर मठाराचे काम करताना पत्रा हळूहळू कडक होत जातो. तो तसाच ठोकत राहिल्यास तडा जातो. म्हणून मध्येच तो तापवून पुन्हा मऊ करून घेतला जातो. ठोकण्याने धातू कडक का होतो आणि तापवण्याने मऊ का होतो, याचे उत्तर अणूंच्या मांडणीत आहे आणि ती मांडणी साध्या डोळ्यांना दिसत नाही.

साबणाच्या बुडबुड्यांपासून संगणकापर्यंत

न दिसणारी मांडणी दाखवण्याची धडपड संगणकाच्या आधीपासूनची आहे. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांची रचना उलगडण्याच्या कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळवलेले लॉरेन्स ब्रॅग आणि त्यांचे सहकारी जॉन नाय यांनी १९४७ मध्ये एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली. साबणाच्या पाण्यावर एकसारख्या आकाराचे हजारो बारीक बुडबुडे सोडले की ते आपोआप मधमाश्यांच्या पोळ्यासारखे ओळीने मांडले जातात. हा बुडबुड्यांचा तराफा हलकेच दाबला, की एखादी ओळ सरकताना दिसते. धातूत अणूंच्या ओळीही अशाच सरकतात.

हे सरकणे एकाच वेळी संपूर्ण थरात होत नाही. तसे होत असते, तर धातू आज आहेत त्याच्या शेकडो ते हजारो पटींनी अधिक बळकट असायला हवे होते. हे कोडे १९३४ मध्ये जी. आय. टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे सोडवले. स्फटिकात काही ठिकाणी अणूंची एखादी अर्धवट ओळ शिरलेली असते. इंग्रजीत या दोषरेषेला डिसलोकेशन म्हणतात. मोठे जाजम ओढून सरकवणे जड जाते. पण त्याच्या एका टोकाला सुरकुती पाडून ती दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत नेली, की जाजम सहज पुढे सरकते. दोषरेषा हेच काम करतात. ठोकल्यावर त्यांची संख्या वाढते, त्या एकमेकींत अडकतात आणि धातू कडक होतो. तापवल्यावर अणूंना हालचालीस वाव मिळतो, गुंता सुटतो, नवे स्फटिककण तयार होतात आणि धातू मऊ होतो. तांबटांच्या भट्टीचे रहस्य एवढेच आहे.

ॲनिमेशन आणि सिम्युलेशन यांतील फरक

शैक्षणिक सॉफ्टवेअर पाहताना पहिला भेद लक्षात घ्यायला हवा, तो ॲनिमेशन आणि सिम्युलेशन यांतला. ॲनिमेशन म्हणजे चित्रकाराने आधीच ठरवून ठेवलेली हालचाल. ती कितीही वेळा पाहिली तरी तशीच दिसते. सिम्युलेशनमध्ये मात्र हालचाल गणिताने त्या क्षणी ठरते. प्रत्येक अणूवर शेजारच्या अणूंचे किती बल आहे, हे संगणक काढतो. त्या बलाने अणू अतिसूक्ष्म कालावधीत किती सरकेल, याचे गणित करतो आणि नव्या स्थितीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. संशोधनातील अशा गणनांमध्ये हा कालावधी, एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले तर त्यांतल्या एखाद्या भागाएवढा असतो.

या पद्धतीच्या इतिहासात एका हैदराबादकराचे नाव ठळकपणे घेतले जाते. हैदराबादेत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेतील अर्गॉन प्रयोगशाळेत काम करणारे पदार्थवैज्ञानिक अनिसूर रहमान यांनी १९६४ मध्ये ८६४ अणूंच्या द्रवरूप अरगॉनचे संगणकीय प्रतिरूप प्रसिद्ध केले. दोन अणू फार जवळ आले तर एकमेकांना ढकलतात, थोडे दूर असले तर ओढतात आणि फार दूर गेले तर एकमेकांची दखल घेत नाहीत. लेनर्ड-जोन्स या नावाने ओळखले जाणारे हे गणिती सूत्र त्यांनी वापरले होते. त्या काळी त्यासाठी खोली व्यापणारा संगणक लागला. आज त्याच तत्त्वावरचे, कमी कणांचे प्रतिरूप विद्यार्थ्याच्या हातातील मोबाइलवर चालते.

प्रमुख सॉफ्टवेअर

फेट : बोस-आइन्स्टाइन संघनितावरील संशोधनासाठी २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. त्यासाठी त्यांनी पारितोषिकाच्या रकमेतील काही भागही वापरला. आज तेथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आदी विषयांची दीडशेहून अधिक सिम्युलेशन विनामूल्य उपलब्ध आहेत. द्रव्यविज्ञानाच्या दृष्टीने त्यांपैकी 'द्रव्याच्या अवस्था' हे विशेष उपयुक्त. निऑन, अरगॉन, ऑक्सिजन आणि पाणी यांपैकी एक निवडून विद्यार्थी ते तापवतो किंवा थंड करतो. कण जागच्या जागी थरथरतात, मग एकमेकांवरून घसरू लागतात आणि अखेरीस मोकळे उडतात. झाकण दाबता येते आणि दाब प्रमाणाबाहेर गेला की ते उडून जाते. घर्षणावरील सिम्युलेशनमध्ये दोन पुस्तके एकमेकांवर घासली, की पृष्ठभागावरचे कण जोराने थरथरू लागतात आणि काही सुटून जातात. घनता, स्प्रिंगचा ताण आणि विद्युतमंडल यांवरील सिम्युलेशनही याच अभ्यासाला जोडून घेता येतात.

मॉलिक्युलर वर्कबेंच : अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॉनकॉर्ड कन्सोर्टियम या ना-नफा संस्थेची ही निर्मिती. यात विद्यार्थ्याला स्वतः अणू मांडून, त्यांच्यातील आकर्षण कमी-अधिक करून प्रतिरूप बांधता येत होते. तयार प्रयोगाची बटणे दाबण्यापेक्षा हे अधिक खोलवरचे काम. मूळ आवृत्ती जावा या संगणकभाषेत होती. तिला नव्या ब्राउझरमध्ये चालणारे रूप देण्यासाठी २०११ मध्ये गुगलच्या धर्मादाय शाखेने अनुदान दिले.

डू-इट-पॉम्स : केंब्रिज विद्यापीठाच्या द्रव्यविज्ञान विभागाने २००० च्या सुमारास सुरू केलेला हा उपक्रम. स्फटिकरचना, दोषरेषा, मिश्रधातूंचे अवस्थाआलेख, लाकूड आणि हाडांची रचना अशा विषयांवरील सत्तरहून अधिक पाठ त्यात आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली टिपलेल्या छायाचित्रांचा मोठा संग्रहही आहे. पाठ पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले असल्याने ते शाळेत जसेच्या तसे वापरता येणार नाहीत. शिक्षकाने मात्र त्यातील चित्रे, चलचित्रे आणि बुडबुड्यांच्या तराफ्याचे प्रात्यक्षिक निवडून घेतल्यास आठवी-नववीलाही ते झेपते.

ओलॅब्ज : भारतातील या ऑनलाइन प्रयोगशाळेची निर्मिती अमृता विश्व विद्यापीठम् आणि मुंबईची सी-डॅक यांनी केंद्र सरकारच्या साहाय्याने केली. प्रयोगाची माहिती, कृती, सिम्युलेशन आणि प्रश्न अशी तिची शालेय वळणाची मांडणी आहे. इंग्रजी, हिंदी आणि मल्याळमबरोबरच मराठीतही तिचे प्रयोग उपलब्ध आहेत. अणूंच्या पातळीवर काय घडते यापेक्षा प्रयोगाची कृती नीट समजावी, हा तिचा मुख्य हेतू आहे.

ग्रँटा एड्युपॅक : केंब्रिजचे प्राध्यापक मायकेल ॲशबी यांच्या आलेखांवर आधारलेले हे सॉफ्टवेअर सशुल्क असून प्रामुख्याने महाविद्यालयांत वापरले जाते. ते तयार करणारी ग्रँटा डिझाइन ही कंपनी २०१९ मध्ये ॲन्सिसने विकत घेतली. शाळेसाठी सॉफ्टवेअरपेक्षा त्यामागची कल्पना मोलाची आहे. तिचा विचार पुढे केला आहे.

एका तासिकेचा आराखडा

तांब्याचाच पाठ घेतला, तर सुरुवात संगणकाने न करता तारेने करावी. वेष्टण काढलेली जाडशी एकपदरी तांब्याची तार ज्वालेवर लालसर तापवून मऊ करून घ्यावी. थंड झालेली तार विद्यार्थ्याने बोटांनी वाकवावी आणि त्याच जागी पुन्हा सरळ करण्याचा प्रयत्न करावा. पहिल्यांदा ती सहज वाकते, सरळ करताना जोर लागतो आणि वाक पूर्णपणे जात नाही. काही वेळा वाकवल्यावर ती तुटते. आता 'असे का झाले असेल' याचे उत्तर प्रत्येकाने वहीत लिहावे, चित्र काढावे. हे उत्तर चुकीचे असले तरी चालते. किंबहुना ते चुकीचे असण्यातच पुढच्या टप्प्याची गंमत आहे.

दुसऱ्या टप्प्यात पसरट ताटलीत साबणाचे पाणी, मत्स्यालयात वापरतात तो हवेचा छोटा पंप आणि बोथट केलेली सुई यांच्या साहाय्याने बुडबुड्यांचा तराफा तयार करता येतो. ओळी सरकताना प्रत्यक्ष दिसतात. तिसऱ्या टप्प्यात संगणक. दोषरेषा कशी पुढे जाते आणि दोन दोषरेषा एकमेकींना कशा अडवतात, हे पडद्यावर सावकाश, थांबवून, मागे नेऊन पाहता येते. शेवटी विद्यार्थी आपल्या वहीतील पहिले चित्र दुरुस्त करतात.

त्याच तासाला एक प्रश्न जोडता येतो. वाकवून कडक झालेली तांब्याची तार लालसर तापवून पाण्यात बुडवली तर ती मऊ होते. पोलादी सुई लाल तापवून पाण्यात बुडवली तर ती कडक आणि ठिसूळ होते. कृती एकच, परिणाम मात्र उलटे. तांब्यातील अणूंची मांडणी तापवल्यावरही त्याच प्रकारची राहते. शुद्ध लोखंडाची मांडणी मात्र ९१२ अंश सेल्सिअसला बदलते. पोलादात कार्बन मिसळलेला असल्याने हा बदल त्याहून कमी तापमानालाच सुरू होतो. एकदम थंड केल्यास कार्बनचे अणू आतच अडकून पडतात आणि दोषरेषांना सरकू देत नाहीत. ही प्रात्यक्षिके शिक्षकाने स्वतः, चिमटा व चष्मा वापरून करावीत. ठिसूळ झालेली सुई तुटताना तिचे तुकडे उडतात.

कोणते द्रव्य निवडावे?

द्रव्यविज्ञानाचा दुसरा भाग म्हणजे योग्य कामासाठी योग्य द्रव्य. सायकलची चौकट ॲल्युमिनियमची का, क्रिकेटची बॅट लाकडाची का, पूल पोलादाचा का? ॲशबी यांनी यासाठी एक प्रभावी पद्धत रूढ केली. एका अक्षावर घनता आणि दुसऱ्या अक्षावर ताठपणा घेऊन सर्व द्रव्ये एकाच आलेखावर मांडायची. हा आलेख कोणत्याही साध्या स्प्रेडशीटवर तयार होतो.

उदाहरणादाखल पोलादाचा यंग गुणांक सुमारे २०० गिगापास्कल आणि सापेक्ष घनता ७.८५, ॲल्युमिनियमचे हेच आकडे सुमारे ७० आणि २.७, तर तंतूंच्या दिशेने लाकडाचे सुमारे १० आणि ०.६ असे धरू. केवळ ओढ सहन करणारी सळई हवी असेल, तर गुणांकाला घनतेने भागायचे. पोलाद आणि ॲल्युमिनियम दोन्हींची उत्तरे २६ च्या आसपास येतात. म्हणजे सारखाच ताठपणा हवा असेल, तर ॲल्युमिनियम वापरून वजन वाचत नाही. लाकडाचे उत्तर १७ च्या आत राहते.

पण वाकण्याला विरोध करणारा चौरस छेदाचा दांडा हवा असेल, तर गुणांकाचे वर्गमूळ काढून त्याला घनतेने भागावे लागते आणि चित्र पालटते. पोलादी दांडा १ किलोचा असेल, तर तेवढ्याच लांबीचा आणि तेवढाच ताठ ॲल्युमिनियमचा दांडा सुमारे ५८० ग्रॅमचा आणि लाकडी सुमारे ३४० ग्रॅमचा होतो. लाकडी दांड्याची जाडी मात्र पोलादी दांड्याच्या दुपटीहून अधिक असते. 'सर्वांत चांगले द्रव्य कोणते' हा प्रश्नच अपुरा आहे, 'कशासाठी' हे आधी विचारायला हवे, हे विद्यार्थ्याला पाच मिनिटांच्या आकडेमोडीतून उमगते. किंमत, गंज, टिकाऊपणा असे आणखी स्तंभ वाढवले की चर्चा आपोआप रंगते.

पडद्यावरचे सगळे खरे नसते

सिम्युलेशन म्हणजे वास्तव नव्हे, हे वर्गात स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. पडद्यावर अणू रंगीत, गुळगुळीत गोळ्यासारखा दिसतो. हा रंग केवळ ओळखण्यासाठी दिलेला असतो. तसे सांगितले नाही, तर तांब्याचा अणू तांबूसच असतो, या मूळ गैरसमजावर सॉफ्टवेअर स्वतःच शिक्कामोर्तब करते. बहुतेक शालेय प्रतिरूपे सपाट, म्हणजे द्विमितीय असतात. तांब्यातील अणूंची खरी मांडणी त्रिमितीय असते. पडद्यावर काही डझन किंवा काहीशे कण असतात. एक मिलिमीटर बाजूच्या तांब्याच्या घनात मात्र ८५ वर १८ शून्ये इतके अणू असतात. पडद्यावरची हालचाल डोळ्यांना दिसावी म्हणून प्रचंड प्रमाणात संथ केलेली असते. दोन कणांमधील पांढऱ्या जागेत हवा असते, असेही अनेक मुलांना वाटते.

यावर उपाय सोपा आहे. सिम्युलेशन संपल्यावर 'यात खरे काय आणि सोयीसाठी केलेले काय' अशी दोन रकान्यांची यादी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. एकच गोष्ट बुडबुडे, चेंडू आणि संगणक अशा तीन प्रतिरूपांतून दाखवल्यास प्रत्येकाची मर्यादा आपोआप उघड होते.

उपयोग होतो का?

या प्रश्नावर बरेच संशोधन झाले आहे. कोलोराडो विद्यापीठात झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांच्या एका गटाने खऱ्या तारा आणि दिवे वापरून विद्युतमंडलाचा प्रयोग केला, तर दुसऱ्याने फेटचे सिम्युलेशन वापरले. नंतर संकल्पनांवरील प्रश्नांत आणि खरे मंडल जोडून त्याचे स्पष्टीकरण देण्यात सिम्युलेशन वापरणारा गट सरस ठरला. खऱ्या तारेत न दिसणारा इलेक्ट्रॉनांचा प्रवाह त्यांनी पडद्यावर पाहिला होता.

मात्र यावरून प्रयोगशाळेला कुलूप लावावे, असा निष्कर्ष निघत नाही. टॉन द यॉंग, मार्सिया लिन आणि झकारियास झकारिया यांनी 'सायन्स' या नियतकालिकात २०१३ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार प्रत्यक्ष आणि आभासी प्रयोगांचे बलस्थान वेगवेगळे आहे आणि दोहोंचा मेळ अधिक फलदायी ठरू शकतो. मोजमापातील चुका, उपकरणांचा हट्टीपणा, तार तुटण्याआधी बोटांना जाणवणारा फरक हे पडद्यावर मिळत नाही. फेटच्या संशोधकांना आणखी एक गोष्ट आढळली. 'हे बटण दाबा, मग ते दाबा' अशा काटेकोर सूचना दिल्या, की विद्यार्थी सूचना पूर्ण करतात आणि स्वतःहून शोध घेणे थांबवतात. एखादा मोकळा, नेमका प्रश्न देऊन काही वेळ त्यांना एकटे सोडणे अधिक उपयोगी पडते.

सॉफ्टवेअरलाही गंज चढतो

या क्षेत्रातील मोठा धोका तांत्रिक आहे. २००० च्या दशकात तयार झालेले बहुसंख्य शैक्षणिक सॉफ्टवेअर फ्लॅश किंवा जावा यांवर चालत असे. २०१५ पासून प्रमुख ब्राउझरांनी जावा ॲपलेटचा आधार काढून घेतला. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश बंद केले. ज्या प्रकल्पांकडे पैसा आणि मनुष्यबळ होते, त्यांनी आपले साहित्य एचटीएमएल-५ या नव्या पद्धतीत पुन्हा लिहून काढले. बाकीचे साहित्य मजकूर शाबूत असूनही उघडेनासे झाले. त्याभोवती शिक्षकांनी तयार केलेल्या टिपणांचाही उपयोग संपला.

यातून धडा असा की, शाळेने एखाद्या सॉफ्टवेअरवर संपूर्ण पाठ बेतू नये. तार, बुडबुडे आणि वहीतील चित्र हे पाठाचे मूळ टप्पे असावेत. सॉफ्टवेअर बदलले तरी पाठ उभा राहिला पाहिजे.

मराठी विद्यार्थ्यासाठी

फेटची अनेक सिम्युलेशन मराठीत भाषांतरित झाली आहेत. त्यांत पडद्यावरचा मजकूर थोडा असल्याने भाषेची अडचण कमी भासते. तरीही परिभाषेचा घोळ होतो. मराठीत 'अणू' म्हणजे ॲटम आणि 'रेणू' म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत मात्र 'परमाणु' म्हणजे ॲटम आणि 'अणु' म्हणजे मॉलिक्यूल. हिंदी चित्रफीत आणि मराठी पुस्तक एकाच तासाला वापरले, तर विद्यार्थ्याच्या डोक्यात उलटसुलट चित्र तयार होते. शिक्षकाने सुरुवातीलाच हा फरक फळ्यावर लिहावा.

इंटरनेटचा भरवसा नसलेल्या शाळांसाठीही मार्ग आहे. फेटचे नवे सिम्युलेशन एकाच फाइलच्या रूपात उतरवून पेन ड्राइव्हवरून कोणत्याही संगणकावर इंटरनेटशिवाय चालवता येते. चाळीस विद्यार्थ्यांमागे एकच संगणक आणि प्रक्षेपक असेल, तरी काम होते. बदल करण्यापूर्वी 'आता काय होईल' यावर वर्गाचे मत हात वर करून घ्यावे आणि मगच तापमानाची पट्टी सरकवावी. अंदाज चुकला, की चर्चा सुरू होते.

सॉफ्टवेअर निवडताना

- ते इंटरनेटशिवाय, शाळेतील जुन्या संगणकावर चालते का?
- विद्यार्थ्याने काही बदलले तर परिणाम बदलतो का, की ती केवळ चित्रफीत आहे?
- पाठ्यपुस्तकातील नेमक्या कोणत्या पाठाशी ते जोडले जाते?
- प्रतिरूपाच्या मर्यादा कोठे सांगितल्या आहेत का?
- मराठी परिभाषा पुस्तकाशी जुळते का?
- त्याच गोष्टीचा हाताने करण्याजोगा एखादा प्रयोग उपलब्ध आहे का?

पाठ संपल्यावर वर्गाला सुरुवातीचाच प्रश्न पुन्हा विचारावा. तांब्याचा एक अणू वाकतो का? 'नाही' एवढ्या उत्तरावर समाधान न मानता 'मग तार का वाकते' हेही विचारावे. त्याचे उत्तर विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या चित्राने देऊ शकला, तर तार, बुडबुडे आणि संगणक यांवर खर्च केलेला वेळ सत्कारणी लागला असे समजावे.